मोटारसायकलची लिथियम बॅटरी

हा लेख पेट्रोल इंजिनाच्या मोटारसायकलमध्ये इंजिन सुरू करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीविषयी आहे. वाहन चालवण्यासाठी ऊर्जा पुरवणाऱ्या बॅटरीसाठी 'विद्युत दुचाकी' हा लेख पाहा.

मोटारसायकलची लिथियम बॅटरी ही पारंपरिक शिसे-आम्ल बॅटरीच्या जागी बसवली जाणारी, वजनाने हलकी अशी पुनर्भारणीय बॅटरी होय. या प्रकारातील बहुतेक बॅटऱ्यांमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायन वापरले जाते. त्याच आकाराच्या शिसे-आम्ल बॅटरीच्या तुलनेत तिचे वजन साधारणतः एक तृतीयांश ते एक चतुर्थांश असते. शर्यतीच्या मोटारसायकली, डोंगराळ व कच्च्या वाटांवर चालवल्या जाणाऱ्या हलक्या मोटारसायकली आणि काही महागड्या क्रीडा मोटारसायकली यांत ती प्रामुख्याने आढळते. मूळ शिसे-आम्ल बॅटरी काढून तिच्या जागी लिथियम बॅटरी बसवण्याची पद्धतही रूढ झाली आहे. मात्र या बदलामुळे वजन घटते तसा बॅटरीतील ऊर्जेचा राखीव साठाही घटतो आणि चार्जिंग व्यवस्थेतील दोष सहन करण्याची बॅटरीची क्षमता कमी होते. त्यामुळे हा बदल कितपत योग्य ठरेल हे बॅटरीइतकेच त्या मोटारसायकलच्या विद्युत व्यवस्थेवर व तिच्या वापरावर अवलंबून असते.

## पार्श्वभूमी

शिसे-आम्ल बॅटरीचा शोध फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये लावला. स्वस्त, टिकाऊ आणि थोड्या वेळासाठी मोठी विद्युतधारा देऊ शकणारी असल्याने ही बॅटरी मोटारगाड्या व मोटारसायकलींमध्ये सर्वत्र वापरली जाऊ लागली. जुन्या बॅटऱ्यांमध्ये वेळोवेळी डिस्टिल्ड वॉटर घालावे लागत असे. पुढे काचतंतूंच्या चटईत आम्ल शोषून ठेवणाऱ्या, बंदिस्त एजीएम बॅटऱ्या आल्या आणि देखभाल कमी झाली. शिशाचे वजन मात्र कायम राहिले.

लिथियम-आयन बॅटरीचे व्यापारी उत्पादन सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये सुरू केले. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. सुरुवातीच्या बॅटऱ्यांमध्ये धन विद्युताग्रासाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरले जात असे. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील प्रयोगशाळेत गुडइनफ, अक्षय पाढी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटचा धन विद्युताग्र म्हणून उपयोग दाखवून दिला. त्यांचे संशोधन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. हे संयुग सुरक्षित व स्वस्त होते, पण विजेचे वहन चांगले करीत नव्हते. पुढील काळात त्याचे कण अतिसूक्ष्म करणे आणि त्यांवर कार्बनचा पातळ थर देणे या उपायांनी ही उणीव दूर झाली. त्यानंतरच क्षणभरासाठी मोठी विद्युतधारा देणारे घट तयार करणे शक्य झाले. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीसाठी हाच गुण आवश्यक असतो.

२०१० नंतरच्या दशकात काही उत्पादकांनी कारखान्यातूनच लिथियम बॅटरी बसवण्यास सुरुवात केली. डुकाटी ११९९ सुपरलेजेरा (२०१४) आणि होंडा सीबीआर१०००आरआर एसपी (२०१७) ही त्याची उदाहरणे होत.

## रचना व रसायन

शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट एकसर जोडणीत असतात. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या एका घटाचे नाममात्र विभवांतर ३.२ व्होल्ट असते. असे चार घट एकसर जोडल्यास १२.८ व्होल्ट मिळतात. हे मूल्य मोटारसायकलच्या १२ व्होल्ट व्यवस्थेशी जवळजवळ तंतोतंत जुळते. मोबाइल व लॅपटॉपमध्ये वापरल्या जाणाऱ्या कोबाल्टयुक्त लिथियम घटांचे नाममात्र विभवांतर ३.६ ते ३.७ व्होल्ट असते. त्यांचे तीन घट पूर्ण चार्ज झाल्यावर केवळ १२.६ व्होल्ट देतात, तर चार घटांना पूर्ण चार्ज होण्यासाठी १६.८ व्होल्ट लागतात. मोटारसायकलची चार्जिंग व्यवस्था यांपैकी कोणत्याही जोडणीशी नीट जुळत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची निवड होण्यामागे सुरक्षिततेबरोबर हे साधे गणितही आहे.

बॅटरीचे ऋण विद्युताग्र ग्रॅफाइटचे असते. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन धन विद्युताग्रातून निघून ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात आणि बॅटरी वापरली जात असताना उलट दिशेने परततात. यात आम्ल नसते व शिसेही नसते. घट पूर्णपणे बंदिस्त असल्याने बॅटरी आडवी किंवा कलती बसवली तरी काही सांडत नाही. तरीही उत्पादकाने सांगितलेली स्थिती पाळणे इष्ट असते.

| गुणधर्म | शिसे-आम्ल (एजीएम) | लिथियम आयर्न फॉस्फेट |
|---|---|---|
| घटांची संख्या | ६ | ४ |
| पूर्ण चार्ज, विश्रांत अवस्थेतील विभवांतर | सुमारे १२.६ ते १२.९ व्होल्ट | सुमारे १३.२ ते १३.४ व्होल्ट |
| चार्जिंगची नेहमीची कमाल मर्यादा | १४.४ ते १४.८ व्होल्ट | १४.४ ते १४.६ व्होल्ट |
| प्रतिकिलो ऊर्जा | सुमारे ३० ते ४० वॉट-तास | सुमारे ८० ते १२० वॉट-तास |
| ०° सेल्सिअसखाली चार्जिंग | मंद, पण शक्य | घटांना अपायकारक |
| जादा चार्जिंगचा परिणाम | पाण्याचे विघटन, आयुष्य घटते | घटांची हानी, फुगणे, तापणे |

## वजनातील बचत

३५० ते ४०० घनसेंटीमीटरच्या अनेक एकसिलिंडर मोटारसायकलींत ८ ॲम्पिअर-तासाची, १५० मिलिमीटर लांबीची एजीएम बॅटरी असते. तिचे वजन सुमारे ३ किलो भरते. त्या जागी बसणारी लिथियम बॅटरी साधारण ०.८ किलोची असते. म्हणजे बचत सुमारे २.२ किलोची, किंवा टाकीतील तीन लिटर पेट्रोलच्या वजनाइतकी होते. १७० किलोच्या मोटारसायकलवर हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास येते. मोठ्या इंजिनांच्या मोटारसायकलींत मूळ बॅटरी अधिक जड असल्याने बचतही जास्त असते.

बॅटरी बहुधा आसनाखाली, म्हणजे वाहनाच्या गुरुत्वमध्याहून उंच बसवलेली असते. त्यामुळे तेथील वजन घटल्यास वाहन एका बाजूकडून दुसरीकडे झुकवणे किंचित सोपे होते. शर्यतीत हा फरक मोलाचा ठरतो. शहरातील रोजच्या वापरात तो सहसा जाणवत नाही आणि इंधनाच्या बचतीवर त्याचा परिणाम नगण्य असतो.

## ॲम्पिअर-तासाचा आकडा

लिथियम बॅटरीच्या वेष्टनावर छापलेला ॲम्पिअर-तासाचा आकडा अनेकदा प्रत्यक्ष क्षमतेचा नसतो. ही बॅटरी किती क्षमतेच्या शिसे-आम्ल बॅटरीइतक्या जोमाने इंजिन फिरवू शकते, हे दर्शवणारा तो 'समतुल्य' आकडा असतो. प्रत्यक्ष क्षमता त्याच्या साधारण एक तृतीयांश असू शकते. खरी क्षमता जाणून घेण्यासाठी वेष्टनावरील वॉट-तासाचा आकडा पाहावा लागतो. त्याला १२.८ ने भागल्यास प्रत्यक्ष ॲम्पिअर-तास मिळतात. उदाहरणार्थ, ३८.४ वॉट-तासाची बॅटरी प्रत्यक्षात ३ ॲम्पिअर-तासाची असते.

इतकी कमी क्षमता इंजिन सुरू करण्यास पुरेशी ठरते, कारण त्या कामाला ऊर्जा थोडी आणि विद्युतधारा मोठी लागते. सेल्फ स्टार्टरने १०० ॲम्पिअर धारा दोन सेकंद घेतली, तरी खर्च होणारा विद्युतप्रभार केवळ ०.०५६ ॲम्पिअर-तास इतका असतो. लिथियम घटांचा अंतर्गत रोध कमी असल्याने ही धारा देताना त्यांचे विभवांतर फारसे खाली येत नाही आणि इंजिन जोमाने फिरते.

इंजिन बंद असताना मात्र कमी क्षमतेचा परिणाम दिसून येतो. घड्याळ, चोरीविरोधी यंत्रणा आणि इंजिन नियंत्रक यांना वाहन उभे असतानाही अल्प धारा लागते. ही धारा ५ मिलिॲम्पिअर धरल्यास दिवसाला ०.१२ ॲम्पिअर-तास खर्च होतो. या हिशेबाने ८ ॲम्पिअर-तासाची बॅटरी रिकामी होण्यास सुमारे ६६ दिवस लागतील, तर ३ ॲम्पिअर-तासाची बॅटरी २५ दिवसांतच रिकामी होईल. ५५ वॉटचा हॅलोजन दिवा इंजिन बंद ठेवून चालू राहिल्यास पहिली बॅटरी पावणेदोन तासांच्या आसपास आणि दुसरी सुमारे ४० मिनिटांत संपते. पावसाळ्यात महिना-दीड महिना झाकून ठेवल्या जाणाऱ्या किंवा मोबाइल चार्जर, जादा दिवे व स्थान दर्शवणारे उपकरण जोडलेल्या मोटारसायकलींच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरतो.

## चार्जिंग व्यवस्थेशी संबंध

मोटारसायकलचे इंजिन फिरत असताना स्टेटरमध्ये प्रत्यावर्ती विद्युतधारा निर्माण होते. रेग्युलेटर-रेक्टिफायर तिचे दिष्ट धारेत रूपांतर करतो आणि विभवांतर ठरावीक मर्यादेत ठेवतो. निरोगी व्यवस्थेत बॅटरीच्या टर्मिनलांवर सुमारे १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला हे मूल्य मानवते.

रेग्युलेटर बिघडल्यास विभवांतर १५ व्होल्टच्या पुढे जाऊ शकते. शिसे-आम्ल बॅटरीत अशी जादा ऊर्जा पाण्याच्या विघटनात खर्ची पडते. बॅटरी तापते, तिचे आयुष्य घटते, पण बिघाड काही काळ झाकला जातो. लिथियम घटात जादा ऊर्जा शोषून घेणारी अशी निरुपद्रवी प्रक्रिया नसते. घटाचे विभवांतर ३.६५ व्होल्टच्या पुढे जात राहिल्यास विद्युत अपघटनी द्रावाचे विघटन होते, वायू तयार होऊन घट फुगतो आणि तापतो. याच कारणाने जुन्या बॅटरीसोबत वर्षानुवर्षे निभावून गेलेला रेग्युलेटर नव्या बॅटरीसाठी धोकादायक ठरू शकतो.

दुसरी अडचण याच्या उलट आहे. पूर्ण उतरलेली लिथियम बॅटरी अंतर्गत रोध कमी असल्यामुळे इंजिन सुरू होताच मोठी धारा ओढते. त्यामुळे स्टेटर व रेग्युलेटरवर ताण येतो. म्हणून उतरलेली बॅटरी वाहनावर चार्ज न करता योग्य चार्जरने चार्ज करणे श्रेयस्कर असते.

जुन्या जावा व येझदीसारख्या ६ व्होल्टच्या डायनॅमोवर चालणाऱ्या मोटारसायकलींत १२ व्होल्टची लिथियम बॅटरी थेट बसवता येत नाही. १२ व्होल्टच्या जुन्या वाहनांतही रेग्युलेटरचे विभवांतर इंजिनाच्या वेगानुसार बरेच बदलत असल्यास प्रथम तो रेग्युलेटर बदलावा लागतो.

## बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा

चांगल्या प्रतीच्या बॅटरीत एक इलेक्ट्रॉनिक व्यवस्थापन यंत्रणा असते. ती चारही घटांचे विभवांतर समान राखते आणि अतिचार्जिंग, अतिविसर्जन किंवा अतितापमान झाल्यास बॅटरीचा संबंध तोडते. काही स्वस्त बॅटऱ्यांत केवळ घटांचा समतोल राखणारे मंडल असते किंवा कोणतीच यंत्रणा नसते. अशा बॅटरीत एकूण विभवांतर योग्य दिसत असतानाही एखादा घट मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

इंजिन चालू असताना व्यवस्थापन यंत्रणेने अचानक संबंध तोडल्यास स्टेटरमधून येणारी ऊर्जा साठवून घेण्यास बॅटरी उरत नाही. त्या क्षणी विभवांतर झटकन वाढून दिवे किंवा इंजिन नियंत्रकास इजा पोहोचू शकते. त्यामुळे व्यवस्थापन यंत्रणा असली तरी रेग्युलेटर सुस्थितीत असणे आवश्यकच असते.

## तापमानाचा परिणाम

थंडीत लिथियम घटांचा अंतर्गत रोध वाढतो. कडाक्याच्या थंडीत पहिल्या प्रयत्नात इंजिन संथ फिरते. धारा वाहिल्याने घट आतून थोडे उबदार होतात आणि दुसरा किंवा तिसरा प्रयत्न अधिक जोमदार होतो. हे शिसे-आम्ल बॅटरीच्या नेमके उलट आहे, कारण तिचा जोर प्रत्येक प्रयत्नागणिक कमी होत जातो. म्हणून थंडीत काही मिनिटे दिवा लावून ठेवण्याचा व नंतर सेल्फ दाबण्याचा सल्ला उत्पादक देतात. भारतात १ एप्रिल २०१७ पासून उत्पादित दुचाकींना हेडलाइट आपोआप चालू राहण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. त्यांपैकी काही वाहनांत हेडलाइट इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. अशा वाहनांत इंडिकेटर किंवा ब्रेकचा दिवा वापरून हे काम साधता येते.

गोठणबिंदूखाली चार्जिंग केल्यास लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचतात. त्यामुळे क्षमता कायमची घटते आणि अंतर्गत लघुपरिपथाचा धोका निर्माण होतो. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात हा प्रश्न उद्भवत नाही. लडाख किंवा स्पीतीकडे जाणाऱ्या मोटारसायकलस्वारांना मात्र पहाटेच्या वेळी तो भेडसावू शकतो.

विदर्भासारख्या प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४५° सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. अशा हवामानात उष्णता हे बॅटरीचे आयुष्य घटवणारे मुख्य कारण असते. इंजिनाच्या किंवा सायलेन्सरच्या अगदी जवळ बॅटरीची जागा असलेल्या मोटारसायकलींत तापमान त्याहून बरेच वाढते. उष्णतेमुळे शिसे-आम्ल बॅटरीचेही आयुष्य कमी होते.

## बदल करण्याची पद्धत

बदल करण्यापूर्वी चार्जिंग व्यवस्थेची तपासणी केली जाते. मल्टिमीटर दिष्ट धारेच्या व्होल्ट मापनावर ठेवून जुन्या बॅटरीच्या टर्मिनलांवरील विभवांतर मंद गतीला व नंतर सुमारे ५,००० फेरे प्रतिमिनिट या वेगाला मोजतात. इंजिन गरम झाल्यावर हेच मापन पुन्हा करतात, कारण रेग्युलेटरचे काही दोष तापल्यावरच प्रकट होतात. कोणत्याही वेळी विभवांतर १४.६ व्होल्टच्या वर जात असल्यास किंवा वेग वाढवूनही १३.५ व्होल्टच्या खालीच राहत असल्यास आधी तो दोष दूर करावा लागतो.

इग्निशन बंद असताना वाहन घेत असलेली धारा मोजणे हा दुसरा टप्पा होय. बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवून तार व टर्मिनल यांच्यामध्ये मल्टिमीटर एकसर जोडल्यास ही धारा कळते. हे मापन चालू असताना इग्निशन लावल्यास किंवा सेल्फ दाबल्यास मल्टिमीटरचा फ्यूज उडतो.

नवी बॅटरी निवडताना बाह्य आकार, टर्मिनलांची बाजू आणि वॉट-तास हे तिन्ही पाहिले जातात. टर्मिनले उलट बाजूस असतील तर तारा चुकीच्या जोडल्या जाऊन इंजिन नियंत्रक जळण्याची भीती असते. बॅटरी बसवण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करतात. जुनी बॅटरी काढताना आधी ऋण आणि नंतर धन तार सोडवतात. नवी जोडताना आधी धन आणि नंतर ऋण तार जोडतात. लिथियम बॅटरी आकाराने लहान असल्यास सोबतचे फोमचे तुकडे लावून ती घट्ट बसवतात. सैल बॅटरी धक्क्यांनी हलून तिची टर्मिनले झिजतात.

शिसे-आम्ल बॅटरीसाठीच्या काही चार्जरांत पट्ट्यांवरील सल्फेट काढण्यासाठी उच्च विभवांतराचे स्पंद देण्याची सोय असते. असे चार्जर लिथियम बॅटरीस वापरू नयेत. बॅटरी किती चार्ज आहे हे केवळ विभवांतरावरून सांगणेही कठीण असते. क्षमतेच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात विभवांतर जवळजवळ स्थिर राहते आणि अखेरीस ते एकदम कोसळते. शिसे-आम्ल बॅटरी संथ फिरणाऱ्या सेल्फमधून काही दिवस आधी सूचना देते. लिथियम बॅटरीत अशी पूर्वसूचना अनेकदा मिळत नाही.

## सुरक्षितता

लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये ऑक्सिजनचे अणू फॉस्फरसशी बळकट बंधांनी जोडलेले असतात. घट तापला तरी तो ऑक्सिजन सहजासहजी मुक्त होत नाही. त्यामुळे थर्मल रनअवे म्हणून ओळखली जाणारी, स्वतःच्याच उष्णतेने भडकत जाणारी प्रक्रिया कोबाल्टयुक्त घटांपेक्षा या घटांत अधिक उच्च तापमानाला सुरू होते व तुलनेने सौम्य असते. तथापि विद्युत अपघटनी द्राव ज्वलनशील असल्याने ही बॅटरी पेट घेतच नाही असे म्हणता येत नाही. जळणाऱ्या घटांतून हायड्रोजन फ्लोराइडसह इतर विषारी वायू बाहेर पडतात.

फुगलेली, गळकी किंवा चिरडलेली बॅटरी वापरू नये. बराच काळ अतिशय कमी विभवांतरावर राहिलेली बॅटरी पुन्हा चार्ज करणेही धोक्याचे असते. अशा अवस्थेत ऋण विद्युताग्राच्या पत्र्यातील तांबे विरघळते आणि पुढील चार्जिंगच्या वेळी ते नको त्या जागी साचून आतून लघुपरिपथ होऊ शकतो. शिसे-आम्ल बॅटरीचे धोके वेगळे असतात. तिच्यातील सल्फ्युरिक आम्ल त्वचा व डोळ्यांना इजा करते आणि चार्जिंगच्या वेळी सुटणारा हायड्रोजन ठिणगीने पेटू शकतो.

## वाहतूक व विल्हेवाट

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लिथियम बॅटऱ्या धोकादायक मालात मोडतात आणि वाहतुकीपूर्वी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ क्रमांकाच्या चाचण्या उत्तीर्ण होणे आवश्यक असते. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून नेण्यास मनाई आहे. मालवाहू विमानातून नेताना त्या ३० टक्क्यांहून अधिक चार्ज केलेल्या नसाव्यात असा नियम आहे. दूरवरून मागवलेली नवी बॅटरी अर्धवट चार्ज अवस्थेत मिळण्याचे हे एक कारण होय.

भारतात बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे शिसे-आम्ल व लिथियम या दोन्ही प्रकारांना लागू आहेत. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर होईल हे पाहण्याची जबाबदारी या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. शिशाला भंगारात चांगला भाव मिळत असल्याने जुनी शिसे-आम्ल बॅटरी दुकानदार परत घेतो आणि नव्या बॅटरीच्या किमतीत सूट देतो. लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये कोबाल्ट किंवा निकेलसारखे महाग धातू नसल्याने तिला तसा भाव मिळत नाही. दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या घरगुती कचऱ्यात टाकणे अयोग्य आहे.

## उपयुक्तता व मर्यादा

लिथियम बॅटरीची किंमत त्याच आकाराच्या शिसे-आम्ल बॅटरीच्या अनेक पट असते. तिचे घट हजारो आवर्तने टिकू शकतात. मात्र मोटारसायकलवरील प्रत्यक्ष आयुष्य उष्णता, रेग्युलेटरची स्थिती आणि बॅटरी किती वेळा पूर्ण उतरते यांवर ठरते. एकदाच झालेले संपूर्ण विसर्जनही तिला निकामी करू शकते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ही उत्सर्जन मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटरची जागा जवळजवळ सर्वत्र इंधन अंतःक्षेपणाने घेतली. इंधनाचा पंप व इंजिन नियंत्रक यांना वीज लागत असल्याने बॅटरी पूर्ण उतरलेली असताना अशी मोटारसायकल ढकलून सुरू करणे कठीण असते. शिवाय अनेक नव्या मोटारसायकलींना किकही नसते. त्यामुळे दूरच्या प्रवासात राखीव साठ्याला वजनाहून अधिक महत्त्व येते.

नियमित चालवल्या जाणाऱ्या, निरोगी चार्जिंग व्यवस्था असलेल्या आणि वजनाला महत्त्व असलेल्या मोटारसायकलींसाठी लिथियम बॅटरी उपयुक्त मानली जाते. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या, अनेक जादा उपकरणे जोडलेल्या, जुन्या रेग्युलेटरच्या किंवा गोठणबिंदूखालील प्रदेशात वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलींसाठी एजीएम प्रकारची शिसे-आम्ल बॅटरी अधिक सोयीची ठरते.

## हेसुद्धा पाहा

* शिसे-आम्ल बॅटरी
* लिथियम-आयन बॅटरी
* विद्युत घट
* मोटारसायकल
* विद्युत दुचाकी